गर्भाशय न काढता गाठींवर ध्वनिलहरींचा उपचार

चाळिशीच्या सुमारास मासिक पाळीत अंगावरून अधिक जाऊ लागले आणि सोनोग्राफीत गाठ दिसली, की ‘आता मुले झाली आहेत, पिशवी काढून टाका’ असा सल्ला आपल्याकडे सहज दिला जातो. तो किती सहज दिला जातो, हे २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला तेव्हा सर्वांनाच कळले. वास्तविक फायब्रॉइड ही गर्भाशयाच्या स्नायूंतून वाढणारी, कर्करोगाची नसलेली गाठ होय. अनेकींना तिचा काहीच त्रास होत नाही आणि रजोनिवृत्तीनंतर ती बहुधा आपोआप आक्रसते.

ज्यांना अतिरक्तस्राव, ओटीपोटातील जडपणा किंवा वारंवार लघवीला जावे लागणे असा त्रास होतो, त्यांच्यापैकी काहींना चाकू न लावता उपचार घेता येतो. इस्रायलच्या इनसाइटेक कंपनीने तयार केलेल्या ‘एक्सअ‍ॅब्लेट’ यंत्राला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २००४ मध्ये या उपचारासाठी मान्यता दिली.

लहानपणी भिंगाने ऊन एकवटून कागद जाळण्याचा खेळ अनेकांनी खेळला असेल. येथे उन्हाच्या जागी ध्वनिलहरी असतात. पोटावरच्या त्वचेतून त्या विखुरलेल्या स्वरूपात आत शिरतात, त्यामुळे वाटेतील पेशींना सहसा इजा होत नाही. गाठीत मात्र त्या शेंगदाण्याएवढ्या जागेत एकवटतात. तेथील तापमान ६० अंश सेल्सियसच्या वर जाते आणि उकळत्या पाण्यात अंड्याचा पांढरा भाग गोठावा तशा त्या पेशी गोठून मरतात. एक मारा जेमतेम २० सेकंदांचा असतो. मग थोडी उसंत आणि पुढचा मारा. असे अनेक मारे करावे लागत असल्याने रुग्णाला एमआरआय यंत्रात तीन-चार तास पालथे पडून राहावे लागते, हे आधीच सांगितलेले बरे. एमआरआय येथे डोळ्याचे आणि तापमापकाचे अशी दोन्ही कामे करतो. पूर्ण भूल दिली जात नाही. वेदना झाल्यास उपचार थांबवण्याचे बटण रुग्णाच्याच हातात असते. बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात. चीनमधील चोंगछिंग येथे विकसित झालेल्या पद्धतीत एमआरआयऐवजी सोनोग्राफीच्या आधारे नेम धरला जातो.

गाठ मात्र लगेच नाहीशी होत नाही, ती काही महिन्यांत हळूहळू लहान होते. पुढे पुन्हा उपचाराची गरज पडण्याची शक्यता शस्त्रक्रियेपेक्षा अधिक असते. क्वचित त्वचा भाजते किंवा पायाकडे जाणाऱ्या नसेला इजा होऊन कळा येतात. लहरींच्या वाटेत आतडे किंवा जुन्या शस्त्रक्रियेचा मोठा व्रण येत असेल, गाठ देठाला लोंबकळणारी असेल, तर हा उपचार सहसा टाळला जातो. गरोदर स्त्रियांना तो देत नाहीत. प्रारंभी तो केवळ मुले नको असलेल्या स्त्रियांसाठीच होता. ही अट अमेरिकेत २०१५ मध्ये शिथिल झाली, तरी गर्भधारणेची हमी कोणी देऊ नये.

आणखी एक मुद्दा आहे. शस्त्रक्रियेत काढलेली गाठ प्रयोगशाळेत तपासता येते, येथे ती शरीरातच राहते. म्हणूनच रजोनिवृत्तीनंतरही वाढणारी किंवा एमआरआयमध्ये संशयास्पद दिसणारी गाठ असेल, तर ध्वनिलहरींच्या मागे न लागता शस्त्रक्रियेचाच विचार करावा लागतो.