निळ्या पानावरची 'ए. ए.'

'फेस्टची ब्लूप्रिंट रेडी आहे,' असं आपण ग्रुपवर बिनधास्त टाकतो. पण त्यातलं 'ब्लू' आलं कुठून? पूर्वी इंजिनीअर आणि आर्किटेक्ट लोकांच्या नकाशांच्या कॉपी निळ्या कागदावर पांढऱ्या रेघांत निघायच्या. त्यामागची पद्धत म्हणजे सायनोटाइप. पण तिची सगळ्यात भारी गोष्ट नकाशांची नाही, समुद्री शेवाळाची आहे!

१८४२ मध्ये इंग्लंडच्या सर जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने ही पद्धत शोधली. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांची द्रावणं एकत्र करायची, मंद उजेडात ब्रशने कागदावर लावायची आणि कागद अंधारात वाळवायचा. मग त्यावर एखादं पान ठेवून, वर काच दाबून उन्हात ठेवायचं. ऊन लागतं तिथे 'प्रशियन ब्लू' हा पक्का निळा रंग तयार होतो. पानाच्या सावलीतलं रसायन मात्र तसंच राहतं आणि पाण्याने धुतलं की निघून जातं. उरतं निळ्यावर पांढरं पान. ना कॅमेरा, ना लेन्स!

हर्शेल ज्यांच्या ओळखीचे होते, त्या जॉन चिल्ड्रेन यांची मुलगी अ‍ॅना अ‍ॅटकिन्स. वडील ब्रिटिश म्युझियममध्ये होते. त्यांनी अनुवाद केलेल्या शिंपल्यांवरच्या पुस्तकासाठी तिने चित्रं काढली होती, म्हणजे हात तयार होता. १८४१ मध्ये विल्यम हार्वे यांचं ब्रिटिश शेवाळांवरचं पुस्तक आलं, पण त्यात चित्रंच नव्हती. शेवाळाचे केसासारखे धागे हाताने हुबेहूब काढणं महाकठीण. मग अ‍ॅनाने शेवाळच थेट कागदावर ठेवलं आणि बाकीचं काम उन्हावर सोडलं.

ऑक्टोबर १८४३ मध्ये 'फोटोग्राफ्स ऑफ ब्रिटिश अल्जी'चा पहिला भाग तयार झाला. फोटो असलेलं जगातलं पहिलं पुस्तक म्हणून आज ते ओळखलं जातं. टॅलबट यांचं गाजलेलं 'द पेन्सिल ऑफ नेचर' आलं ते त्यानंतर, १८४४ मध्ये. दहा वर्षं अ‍ॅना एकेक पान उन्हात छापत राहिली. पुस्तकातला मजकूरसुद्धा तिच्याच हस्ताक्षरात, त्याच निळ्या रंगात आहे.

आणि नाव? प्रस्तावनेखाली फक्त 'ए. ए.'. पुढे ही अक्षरं म्हणजे 'अनॉनिमस अमॅच्युअर', म्हणजे कुणीतरी अनामिक हौशी माणूस, असाही अर्थ लावला गेला. लंडनच्या रॉयल सोसायटीत पहिल्या स्त्री फेलो निवडल्या गेल्या त्याच मुळी १९४५ मध्ये. त्यामुळे बाईने केलेलं शास्त्राचं काम 'हौस' म्हणून खपून जाणं तेव्हा फार सोपं होतं.

आता तरी वेगळं काय आहे? फेस्ट संपतो, पेजवर दोनशे फोटो पडतात. ते काढले कुणी, पोस्टर रात्रभर जागून केलं कुणी, हे लिहायचं नेमकं राहून जातं. 'अरे, ते आपल्या टीमने केलं ना!' म्हणून विषय संपतो.

सायनोटाइप करून बघायचं असेल तर रसायनं हाताळताना ग्लोव्हज घाला, द्रावणात अ‍ॅसिड मिसळू नका आणि केमिस्ट्रीच्या मॅडमना सोबत घ्या. गच्चीवर कडक ऊन असेल तर काही मिनिटांत काम होतं. आणि प्रिंट वाळली की खाली सही करा. पूर्ण नावाची!