समुद्राच्या शेताला खत कोण घालतं?



शेतात नांगरणी, पेरणी, खत, राखण हे सगळं आपल्याला करावं लागतं. समुद्रात यातलं काहीच करावं लागत नाही, तरी मासळी मिळते. त्यामुळे पुष्कळांचा असा समज होतो की, कितीही काढा, दर्या संपायचा नाही. पण समुद्रातही पीक असतं. त्यालाही ऊन लागतं, खत लागतं, आणि बियाणं राखावं लागतं. फक्त ते पीक डोळ्यांना दिसत नाही.

समुद्राचं गवत म्हणजे प्लवक-शेवाळ. पाण्यात तरंगणाऱ्या या वनस्पती इतक्या बारीक असतात की त्या सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. जिथवर ऊन पोचतं तिथवरच त्या वाढतात. खोल निळ्या समुद्रात ऊन शंभरएक मीटरपर्यंत जातं, आपल्या किनाऱ्यालगतच्या गढूळ पाण्यात काही मीटरच. हे शेवाळ बारीक प्राणी-प्लवक खातात. तारली आणि बांगडा या दोन्हींवर जगतात. तारली-बांगड्यावर सुरमई जगते. आता हिशेब बघा. खाल्लेल्यातला साधारण दहावा हिस्साच अंगी लागतो, बाकीचा हालचालीत आणि श्वासात खर्च होतो. म्हणजे एक किलो सुरमई तयार व्हायला दहा किलो तारली, तिला शंभर किलो प्राणी-प्लवक आणि त्यांना हजार किलो शेवाळ लागतं. सुरमई महाग का, याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं!

या शेवाळाला खत कुठून मिळतं? मेलेले जीव तळाशी जाऊन कुजतात, म्हणजे खत खाली आणि ऊन वर. दोघांची गाठ पडली तरच पीक. पावसाळी वाऱ्यामुळे केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यावरचं वरचं पाणी बाहेर लोटलं जातं, आणि त्याच्या जागी खालचं थंड, खतानं भरलेलं पाणी वर येतं. हा प्रकार गोव्यापर्यंत जाणवतो. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात वरचं पाणी थंड होऊन जड होतं, खाली जातं आणि पाणी ढवळलं जातं. तिसरी वाट नद्यांची. पहिल्या पावसाबरोबर डोंगरउतारावरची माती आणि पालापाचोळा खाडीत येतो.

इथे शेतकरी बंधूंचा संबंध येतो. भातखाचरात फेकलेला युरिया जोराच्या सरीबरोबर वाहून जातो. तुमचे पैसे गेलेच, आणि खाडीला अजीर्ण झालं ते वेगळंच. जादा खतामुळे शेवाळ माजतं, मरतं, कुजतं, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं. मग मासे गुदमरतात. म्हणून युरिया एकदम न देता हप्त्यांनी द्यावा, आणि मोठ्या पावसाच्या तोंडावर टाकू नये. ब्रिकेट वापरणार असाल तर चार चुडांच्या मधोमध ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचावी. पिकाला लागू पडते आणि वाहूनही जात नाही.

समुद्राची रोपवाटिका खाडीत आहे. तिवर, चिपी, कांदळ ही झाडं चिखलात उभी असतात, म्हणून त्यांना कुणी कामाची मानत नाही. पण त्यांची पानं चिखलात गळतात, कुजतात, खेकडे ती कुरतडतात, आणि त्यावर बारीक जीवांचं पोट भरतं. पांढऱ्या कोळंबीची अंडी समुद्रात पडतात, पिल्लं भरतीबरोबर खाडीत शिरतात. मुळांच्या जाळीत मोठ्या माशांपासून लपून ती वाढतात आणि मग पुन्हा समुद्रात जातात. तिवर तोडून भराव घातला की कोळंबी बाहेर समुद्रात कमी होते. तोडणारा एकीकडे, जाळं रिकामं येतं ते दुसऱ्याचं. राज्यात यासाठी २०१२ साली वनखात्याचा कांदळवन कक्ष सुरू झाला. तोड दिसली तर वनखात्याला किंवा तहसील कचेरीत कळवा.

आता जवळ्याचं घ्या. जवळा म्हणजे गरिबाची चटणी, एवढीच आपल्या लेखी त्याची किंमत. पण बोंबलाचं मुख्य खाद्य जवळाच. (जवळा कमी पडला तर बोंबील स्वतःची पिल्लंसुद्धा खातो.) त्याच डोल जाळ्यात जवळा येतो, बोंबील येतो आणि बोंबलाची पिल्लंही येतात. जाळ्याची आस जितकी बारीक, तितकं बियाणं काढलं जातं. आपण घरातलं बी-भात दळून खात नाही, तसंच हे आहे. एकदाही अंडी न घातलेलं पापलेट विकून चार पैसे मिळतात खरे, पण त्याची सगळी पुढची पिढी त्याच टोपलीत जाते.

पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासूनची पावसाळी बंदी असते ती याचसाठी. दर्या खवळलेला असतो हे आहेच, पण बऱ्याच जातींची विणही याच सुमारास असते आणि पिल्लांना खाद्य भरपूर मिळतं. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमनाचा कायदा १९८१ चा. त्याखाली २०२३ साली ५४ जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवून दिली आहे. चंदेरी पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०. त्याहून लहान मासळी धरू नये.

बोटीवर एक लाकडी पट्टी ठेवा आणि या तीन लांबींच्या खुणा तिच्यावर चाकूनं करून घ्या. ट्रॉल जाळं असेल तर शेपटाकडच्या भागाला ४० मिलिमीटरची चौकोनी आस लावा. साधी तिरकी आस ओढताना मिटते आणि पिल्लं अडकतात. चौकोनी आस उघडी राहते आणि पिल्लं निसटून जातात. नवं जाळं विणायला टाकण्यापूर्वी सोसायटीत विचारून आसाचं माप नक्की करून घ्यावं, म्हणजे विणलेलं उसवावं लागणार नाही.