मुख्य चढाईपटू बाहेर बसतो तेव्हा

मैदानाची बाराखडी : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण शाळेच्या संघासाठी मुलं कशी निवडायची ते पाहिलं. आजचा प्रश्न त्याच्या पुढचा. निवडलेल्या बारा मुलांत एखादा सगळ्यांहून सरस निघाला, तर त्याच्याभोवती संघ कसा उभा करायचा? जिंतूर, सेलू, गंगाखेड, कुठल्याही तालुक्याच्या शालेय कबड्डी स्पर्धेत असा एक तरी पोरगा दिसतोच. त्याच्या चढाईला सगळं मैदान उभं राहतं. बहुतेक ठिकाणी संघबांधणी म्हणजे एवढंच असतं, की जास्तीत जास्त चढाया त्याला द्यायच्या.

यात चूक कुठे होते ते कळायला कबड्डीचा मूळ नियम पुन्हा पाहावा लागेल. चढाईपटूची पकड झाली की तो बाहेर. आपल्या संघाने समोरचा गडी बाद केला, तरच आपला एक गडी आत येतो आणि तोही बाद झालेल्या क्रमाने. आपला हिरा तिसरा बाद झाला असेल, तर तीन गडी बाद केल्याशिवाय तो परत येत नाही. बोनस गुणाने फलकावरचा आकडा वाढतो, पण बाहेरचा गडी आत येत नाही.

बास्केटबॉलमध्ये वेगळं असतं. तिथे मुख्य खेळाडूला विश्रांती कधी द्यायची हे प्रशिक्षक ठरवतो. कबड्डीत तो कधी बसणार हे समोरचा संघ ठरवतो. म्हणून कबड्डीत संघाची खरी बांधणी करायची ती तो बाहेर असतानाच्या मिनिटांसाठी.

आपल्याच महाराष्ट्रातलं उदाहरण घ्या. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातला अस्लम इनामदार प्रो कबड्डीच्या आठव्या हंगामात पुणेरी पलटणकडून पहिल्यांदा उतरला, हरियाणाचा मोहित गोयतही त्याच हंगामात आला. पुण्याने ही तरुण पोरं सोडली नाहीत. नवव्या हंगामात संघ अंतिम फेरीत पोहोचला, पण १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत जयपूरकडून २९-३३ असा हरला. दहाव्या हंगामात अस्लम कर्णधार झाला. लिलावात पुण्याने सर्वांत मोठी रक्कम, २ कोटी ३५ लाख रुपये, मोजली ती मोहम्मदरेझा शाडलुई या इराणी बचावपटूसाठी. डाव्या कोपऱ्यात तो आणि सोबतीला गौरव खत्री, अबिनेश नडराजन, संकेत सावंत. चढाईत अस्लमबरोबर मोहित, पंकज मोहिते आणि आकाश शिंदे. अस्लम बाहेर गेला तरी त्याला परत आणायला भक्कम बचाव होता आणि तोवर चढाई सांभाळायला तिघं होते. साखळीतल्या २२ पैकी फक्त २ सामने पुणे हरलं. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ अशी मात करून त्यांनी पहिलं विजेतेपद मिळवलं. हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू अस्लम ठरला.

त्याच हंगामात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाखांहून जास्त मोजले. पवनच्या गुणवत्तेबद्दल कुणाला शंका नाही. तरी संघ २२ पैकी २ सामने जिंकून तळाशी राहिला. याउलट, आधीच्या हंगामात पवन तमिळ थलायवाजकडे होता आणि पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून बाहेर पडला. तेव्हा नरेंदर हा नवखा पोरगा चढाईला उभा राहिला, बाकीच्यांनी बचाव सावरला आणि संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला.

आपल्या गावच्या संघाकडे लिलाव नाही, पैसा नाही. पण सराव आपल्या हातात आहे. सरावातला अर्धा वेळ त्या हुशार पोराला मुद्दाम रेषेबाहेर बसवा आणि सहा जणांना खेळू द्या. पहिल्या दिवशी ती मुलं त्याच्याकडेच बघत राहतील. कोपऱ्यातला मुलगा घोट्याला हात घालेल, पण शेजारचा वेळेवर येणार नाही आणि पकड सुटेल. कोपरा आणि मध्यरक्षक यांची तीच जोडी रोज एकत्र उतरवा. एकाने पाय धरला की दुसऱ्याने न सांगता कंबर धरायची, इतकं ते अंगवळणी पडलं पाहिजे. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीला गुण घ्यावाच लागतो. त्या चढाईसाठी दुसरा पोरगा तयार करा, म्हणजे प्रत्येक जोखीम एकाच पोरावर येणार नाही.

यात त्या हुशार पोराचंही भलं आहे. चाळीस मिनिटांचा सगळा भार वाहणाऱ्या मुलाचे गुडघे आणि खांदे सतराव्या वर्षीच कुरकुरू लागतात. बारावीनंतर तो शाळा सोडून जाईल, तेव्हा मागे नुसती आठवण राहू नये, खेळता येणारा संघ राहावा. जिल्ह्याच्या स्पर्धेत पोरं उतरतील तेव्हा त्याच्या चढाया मोजू नका. तो बाहेर असताना उरलेल्या सहा जणांनी किती गुण घेतले, तो आकडा वहीत लिहा. तो सामन्यागणिक वाढत असेल, तर तुमची बांधणी योग्य मार्गावर आहे.

(पुढील आठवड्यात : कोपऱ्यातली पकड, पाय कधी धरायचा आणि कधी सोडायचा)