गालिचा धुण्याआधी धागा ओळखा



'नैसर्गिक धाग्यांचा गालिचा घरच्या घरी स्वच्छ करा' असे उपाय तुम्ही नक्की वाचले असतील. सोडा टाका, व्हिनेगर शिंपडा, घासा, उन्हात वाळवा. आता समजा तुमच्यासमोर तीन वस्तू आहेत: भदोहीचा लोकरीचा गालिचा, तागाची चटई आणि दारातलं काथ्याचं पायपुसणं. तिन्ही नैसर्गिकच. मग तिघांना एकच उपाय चालेल का?

नाही चालणार. कारण 'नैसर्गिक' हे दुकानातलं लेबल आहे, रासायनिक वर्ग नाही.

लोकर: आपल्या केसांची बहीण

लोकर म्हणजे केराटिन. आपले केस आणि नखं ज्या प्रथिनाची, तेच. त्याच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना बांधलेल्या असतात आणि अल्कली नेमकी या बंधांवर घाव घालते. धुण्याच्या सोड्याच्या द्रावणाचा पीएच साधारण ११ असतो, म्हणून तो लोकरीला वर्ज्य. ब्लीच त्याहून वाईट. सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात लोकर चक्क विरघळते, सूत मात्र तसंच राहतं. मिश्र कापडात लोकर किती, हे काढायला वस्त्र-प्रयोगशाळांमध्ये हाच गुण वापरतात.

शिवाय लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी आणि जोराचं घासणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि गालिचा आटतो. कसर लागते तीही प्रथिनामुळेच. त्या अळ्यांना केराटिन पचवता येतं.

ताग आणि काथ्या: दोघं भाऊ, स्वभाव वेगळे

हे दोन्ही वनस्पतीचे धागे. दोघांत सेल्युलोज आणि लिग्निन असतं, फरक प्रमाणाचा. तागात लिग्निन १२ टक्क्यांच्या आसपास, काथ्यात ४० टक्क्यांच्या. म्हणूनच नारळाची सोडणं खाऱ्या पाण्यात कित्येक महिने कुजत ठेवली तरी काथ्या शाबूत निघतो. ताग सोडवायला काही आठवडे पुरतात. 'सुंभ जळला तरी पीळ जात नाही' ही म्हण स्वभावाबद्दल आहे, पण सुंभाचा चिवटपणा खराच!

काथ्याचं पायपुसणं आपटून झटकलं, अगदी पाण्याने धुऊन कडक वाळवलं तरी चालतं. तागाचं तसं नाही. तो ओला झाला की कमजोर होतो. पाणी वाळताना आतले रंगीत घटक पृष्ठभागावर आणतं आणि तपकिरी डाग पडतात. त्यातलं लिग्निन उन्हाने पिवळं पडतं ते वेगळंच. म्हणून तागाला कोरडा ब्रश, व्हॅक्यूम आणि सावली. चहा सांडला तर लगेच कोरड्या कापडाने टिपा, चोळू नका.

फसफसलं म्हणजे काम झालं?

सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकले की छान फसफसतं. पण ते आम्ल आणि अल्कलीचं उदासिनीकरण आहे. हाती उरतं सोडियम ॲसिटेट, पाणी आणि उडून गेलेला कार्बन डायऑक्साइड. दोघांची ताकद एकमेकांना मारण्यातच संपते. दिसणारा बदल म्हणजे हवा असलेला परिणाम नव्हे, हे संशोधनातही लक्षात ठेवा. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर कधीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

नमुना कुठून घेतला?

धागा ओळखायला साधी ज्वलन-चाचणी आहे. चिमट्यात एक धागा धरून, धातूच्या ताटलीवर जाळा. जळक्या केसांचा वास आणि चुरगळणारी काळी गाठ म्हणजे लोकर. जळक्या कागदाचा वास आणि हलकी राख म्हणजे सेल्युलोज. वितळून कडक मणी झाला तर कृत्रिम धागा.

आता खरी गंमत. धागा सुटा करायला सोपा कुठे? झालरीत. पण भदोहीच्या गालिच्यात वरचे केस लोकरीचे आणि उभा ताणा बहुधा सुताचा असतो, आणि झालर म्हणजे त्या ताण्याचीच टोकं! झालर जाळून 'सूत आहे' म्हणाल आणि ब्लीच वापराल, तर कुणाचं महिनोन्महिन्यांचं विणकाम एका दुपारी संपेल. चाचणी बरोबर, निष्कर्ष चूक, कारण नमुना प्रातिनिधिक नव्हता. म्हणून केस आणि झालर, दोन्हींचा धागा वेगवेगळा तपासा.

वाळवतानाही हेच. लोकर बरीच ओल धरूनही हाताला कोरडी लागते. खालचं सूत ओलंच असतं आणि तिथे बुरशी धरते. दोन्ही बाजूंनी वारा लागू द्या.

धुण्याआधीची पायरी

आधी धूळ काढा, कारण रेतीचे कण पायाखाली धागे कापतात. मग न दिसणारा कोपरा निवडा. पांढरं कापड नुसत्या पाण्यात आणि दुसरं सौम्य, उदासीन साबणाच्या पाण्यात भिजवून शेजारी-शेजारी दाबा. साध्या पाण्यानेच रंग उतरला तर दोष साबणाचा नाही, रंग कच्चा आहे. पाण्याचं कापड म्हणजे तुमचा कंट्रोल. तो नसता तर हे कळलंच नसतं.

उद्या एखाद्या शोधनिबंधातली पद्धत आपल्या नमुन्यावर वापराल, तेव्हाही हेच विचारा: त्यांचा नमुना आणि माझा नमुना नावानेच सारखे आहेत, की रचनेनेही?