दंडावरची काळी फीत: परक्या माणसासाठी आपली टीम का थांबते?

सोलापुरातून बोलतोय. हेडफोन लावून एसटीत बसला असाल, नाहीतर पार्क चौकात कुणाची वाट बघत उभे असाल. आजचा भाग छोटाच आहे, जाता जाता ऐकून होईल.

प्रश्न असा आहे. गेलेला माणूस दुसऱ्या देशाचा, मग भारताच्या खेळाडूंच्या दंडावर काळी फीत कशाला? मॅच बघताना कुणीतरी हे हमखास विचारतं. आणि लगेच दुसरा म्हणतो, "आपल्या माणसांसाठी ते थांबतात का?"

थांबतात. जून २०२५ची हेडिंग्ली कसोटी आठवा. शुभमन गिलची कसोटी कर्णधार म्हणून पहिलीच मॅच. २० जूनला, पहिल्या दिवशी, भारत आणि इंग्लंड दोघांनीही काळ्या फिती बांधल्या. १२ जूनला अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान कोसळलं होतं. मृतांत भारतीय होते, तसे ब्रिटिशही होते. तिसऱ्या दिवशी इंग्लंडचा माजी फास्ट बोलर डेव्हिड लॉरेन्स गेल्याची बातमी आली. पुन्हा दोन्ही टीमच्या दंडावर फिती. मग २३ जूनला लंडनमध्ये आपले दिलीप दोशी गेले. डावखुरे फिरकीपटू, ३३ कसोटींत ११४ विकेट. पाचव्या दिवशी खेळ सुरू होण्याआधी त्यांच्यासाठी शांतता पाळली गेली. एका मॅचमध्ये तीन वेळा!

आपल्याकडे गल्लीत मयत झाली की टीव्हीचा आवाज कमी करतो ना? नातं असो वा नसो. पाहुणी टीम यजमानांच्या दुःखात उभी राहते, त्यात निम्मं तरी हेच असतं.

पण कधी कधी नातंही असतं. ४ मार्च २०२२ला शेन वॉर्न गेला, वय फक्त ५२. त्याच दिवशी ऑस्ट्रेलियाचे जुने विकेटकीपर रॉड मार्शही गेले. तेव्हा मोहालीत भारत-श्रीलंका कसोटी चालू होती. म्हणजे ऑस्ट्रेलियाचा मैदानाशी काही संबंधच नाही. तरी ५ मार्चला सकाळी दोन्ही टीमनी शांतता पाळली आणि आपल्या खेळाडूंनी काळ्या फिती बांधल्या. त्याच दिवशी रवींद्र जडेजाने नाबाद १७५ केले. हाच जडेजा २००८च्या पहिल्या आयपीएलमध्ये कोवळा पोरगा होता, वॉर्नच्या राजस्थान रॉयल्समध्ये. नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर ती फायनल वॉर्नच्या टीमने जिंकली होती. मग सांगा, जडेजासाठी वॉर्न परका कसा?

आता क्रिकेटच्या बाहेरचं मोठं नाव घेऊ. ५ डिसेंबर २०१३ला भारत जोहान्सबर्गला वनडे खेळला आणि त्याच रात्री नेल्सन मंडेला गेले. पुढची मॅच ८ डिसेंबरला डर्बनला होती. ती सुरू होण्याआधी त्यांच्यासाठी शांतता पाळली गेली. भारतासाठी हा नुसता शिष्टाचार नव्हता. १९७४मध्ये आपली टेनिस टीम डेव्हिस कपच्या फायनलला पोचली होती. समोर दक्षिण आफ्रिका. वर्णभेदाचा निषेध म्हणून भारत खेळलाच नाही, कप सोडून दिला! आणि १९९१मध्ये दक्षिण आफ्रिका आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये परतली, ती पहिली मॅच कोलकात्यात, आपल्याशीच. एवढा इतिहास त्या शांततेच्या मागे उभा होता.

बरं, हे ठरवतं कोण? इथे खरी गंमत आहे, आणि भांडणही. खेळाडूने मनात आलं म्हणून फीत बांधली, असं चालत नाही. आधी आपल्या बोर्डाची आणि मग आयसीसीची परवानगी लागते. कारण काळ्या फितीचे अर्थ दोन. सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडे कर्मचारी काळ्या फिती लावून काम करतात, तेव्हा कुणी मेलेलं नसतं. तो निषेध असतो.

२००३च्या वर्ल्ड कपमध्ये अँडी फ्लॉवर आणि हेन्री ओलोंगा या झिम्बाब्वेच्या दोघांनी हे दोन्ही अर्थ एकत्र केले. हरारेत काळी फीत बांधली आणि सांगितलं, आमच्या देशात लोकशाही मेली, तिचा हा शोक आहे. डिसेंबर २०२३मध्ये पर्थला उस्मान ख्वाजाने फीत बांधली. त्याआधी गाझाच्या संदर्भातले संदेश लिहिलेले बूट घालायला त्याला मनाई झाली होती. फीत वैयक्तिक दुःखाची आहे, असं तो म्हणाला. परवानगी घेतली नाही म्हणून आयसीसीने त्याला समज दिली.

मला स्वतःला हा नियम अर्धाच पटतो. देशाची जर्सी सगळ्यांची, म्हणून विचारून बांधा, हे ठीक. पण कुणासाठी थांबायचं आणि कुणासाठी नाही, ही निवड करणं हीसुद्धा एक भूमिकाच झाली की! ती घेऊन वर "आम्ही राजकारण करत नाही" म्हणणं अवघड आहे.

पण एक गोष्ट पक्की. परक्यासाठी थांबल्याने आपलं काही कमी होत नाही. ६ फेब्रुवारी २०२२ला सकाळी लतादीदी गेल्या. त्या दिवशी अहमदाबादला भारताची १०००वी वनडे होती. आपल्या टीमने फिती बांधल्या, मॅचआधी शांतता पाळली गेली, समोर वेस्ट इंडिजची टीम होती. आणि आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस? १९३८मध्ये चीनला गेले, जखमी सैनिकांवर उपचार करता करता १९४२मध्ये ३२व्या वर्षी तिथेच गेले. शिजियाझुआंगला त्यांच्या समाधीवर चिनी माणसं आजही फुलं वाहतात. त्यांच्यासाठी कोटणीस परकेच होते की!

तेव्हा पुढच्या वेळी स्क्रीनवर काळी फीत दिसली की आधी एवढंच शोधा: हा माणूस कोण होता? पाच मिनिटं लागतील, मोबाइल हातातच आहे. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!