चीनमध्ये राज्यशास्त्र शिकायला जाताना: ऐकीव गोष्टी आणि वस्तुस्थिती

सप्टेंबर उजाडला की चीनमधल्या विद्यापीठांच्या प्रवेशद्वारांवर नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताचे लाल फलक लागतात. विभागवार टेबलं मांडली जातात आणि जुने विद्यार्थी नव्यांच्या बॅगा उचलून त्यांना वसतिगृहापर्यंत पोचवतात. बीजिंगमधली पेकिंग, त्सिंग्हुआ आणि रनमिन, शांघायमधलं फुदान या विद्यापीठांत राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध शिकायला आलेल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांत परदेशी चेहरेही असतात. भारताचं नाव मात्र तिथे वेगळ्याच विषयाशी जोडलेलं आहे. २०१८ साली चीनमध्ये शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांची संख्या ४,९२,१८५ होती. त्यांत २३,१९८ भारतीय होते आणि त्यांतले बहुतेक एमबीबीएससाठी गेलेले. शेजारच्या देशाचं राजकारण त्याच देशात बसून शिकावं, असं आपल्याकडे फार थोड्यांना वाटतं. त्यामागे काही रास्त अडचणी आहेत. पण ऐकीव समजुती त्याहून जास्त आहेत.

सर्वांत घट्ट बसलेली समजूत ही, की चीनमध्ये राज्यशास्त्राचा विभाग म्हणजे पक्षाची शाळा. पक्षाची शाळा चीनमध्ये आहे, पण ती निराळी संस्था आहे. बीजिंगच्या केंद्रीय पक्षशाळेचं मुख्य काम पक्षाच्या आणि सरकारच्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देण्याचं. विद्यापीठातल्या राज्यशास्त्राचा तर साम्यवादी राजवटीशी सुरुवातीला उभा दावाच होता. १९५२ मध्ये सोव्हिएत नमुन्यावर विद्यापीठांची फेररचना झाली, तेव्हा राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र हे विषय बंद करण्यात आले. मार्क्सवाद-लेनिनवाद शिकवला जात असताना समाज आणि सत्ता यांचं वेगळं शास्त्र कशाला, असा त्यामागचा विचार होता. जवळजवळ तीन दशकं हा विषय विद्यापीठांतून बेपत्ता राहिला. मार्च १९७९ मधल्या भाषणात डेंग झियाओपिंग यांनी जाहीरपणे मान्य केलं, की राज्यशास्त्र, कायदा, समाजशास्त्र आणि जागतिक राजकारण यांच्या अभ्यासाकडे वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं आहे आणि आता बुडालेले धडे भरून काढावे लागतील. १९८० मध्ये देशातली राज्यशास्त्र संघटना पुन्हा उभी राहिली.

आंतरराष्ट्रीय राजकारणाची कथा थोडी वेगळी आहे. सोव्हिएत संघाशी बिनसल्यावर जगाची माहिती असलेली माणसं आपल्याकडे कमी आहेत, हे चीनच्या नेतृत्वाच्या लक्षात आलं. १९६४ मध्ये तीन विद्यापीठांत आंतरराष्ट्रीय राजकारणाचे विभाग सुरू झाले आणि जगाची चक्क वाटणी झाली. पेकिंग विद्यापीठाकडे आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या मुक्तिचळवळी आल्या, रनमिनकडे साम्यवादी जग आणि फुदानकडे पाश्चात्त्य भांडवलशाही देश. परराष्ट्र मंत्रालयाच्या अखत्यारीतलं चायना फॉरेन अफेअर्स विद्यापीठ त्याआधीच, १९५५ मध्ये, चौ एन-लाय यांच्या पुढाकाराने निघालं होतं. नव्या विद्यार्थ्याने हा इतिहास पहिल्याच महिन्यात समजून घ्यावा. हा विषय चीनमध्ये राज्यसंस्थेच्या गरजेतून वाढला आहे. आपलं संशोधन परराष्ट्रधोरणाला काय देतं, हा प्रश्न तिथल्या प्राध्यापकाला परका वाटत नाही.

मग वर्गात शिकवतात काय? केनेथ वॉल्ट्झ, रॉबर्ट कोहेन, अलेक्झांडर वेंड्ट ही नावं बोस्टनमध्ये ऐकू येतात तशीच बीजिंगमध्येही ऐकू येतात. वेंड्ट यांचा मुख्य ग्रंथ चिनी भाषेत आणणारे छिन याछिंग हे स्वतः मोठे सिद्धांतकार आहेत. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठात त्यांनी पीएचडी केली. राष्ट्रं सुटी सुटी नसून नात्यांच्या जाळ्यात घडत जातात, असा त्यांचा सिद्धांत आहे. चिनी विचारपरंपरेतून आंतरराष्ट्रीय संबंधांचं एक चिनी घराणं उभं राहू शकतं, असं ते मानतात. त्सिंग्हुआचे यान श्वेतोंग यांना हे अजिबात मान्य नाही. बर्कलीहून १९९२ मध्ये पीएचडी घेऊन परतलेले यान म्हणतात, की सिद्धांत खरा असेल तर तो सगळीकडे लागू पडला पाहिजे, त्याला देशाचं लेबल कशाला? गंमत अशी, की हेच यान श्युनत्सी आणि इतर प्राचीन चिनी विचारवंतांचा आधार घेऊन नेतृत्वाच्या नैतिकतेचा सिद्धांत मांडतात. तिसरीकडे तत्त्वज्ञ चाओ थिंगयांग यांनी २००५ मध्ये ‘थ्येनश्या’, म्हणजे आकाशाखालचं सगळं जग, ही जुनी कल्पना नव्या जागतिक व्यवस्थेसाठी मांडली. तिच्यावर चीनमध्ये आणि बाहेरही भरपूर टीका झाली.

हे वाद निव्वळ पुस्तकी नाहीत. एप्रिल २०२४ मध्ये पेकिंग विद्यापीठातले रशियाचे अभ्यासक फंग युच्युन यांनी ‘द इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकात स्वाक्षरीनिशी लिहिलं, की युक्रेनमध्ये रशियाचा पराभव होणार. चीन आणि रशिया यांच्या मैत्रीची अधिकृत भाषा ज्यांनी ऐकली आहे, त्यांना या लेखाचं वजन समजेल.

तरीही कुणी याचा अर्थ ‘तिथे सगळं मोकळं आहे’ असा लावला, तर तो उलट्या बाजूचा गैरसमज ठरेल. तैवान, तिबेट, शिनजियांग, १९८९ चं तिआनानमेन आणि सध्याचं शिखर नेतृत्व या विषयांवर उघड, टीकात्मक चर्चा होत नाही. विभागात अधिष्ठात्याच्या बरोबरीने पक्षाचा सचिव असतो आणि त्याच्या शब्दाला वजन असतं. संशोधनाच्या साधनांवरही बंधनं आहेत. परराष्ट्र मंत्रालयाने २००४ मध्ये आपलं दप्तर अभ्यासकांना खुलं केलं होतं; २०१२-१३ च्या सुमारास त्यातली बरीचशी कागदपत्रं पुन्हा आड गेली. परदेशाशी संबंध असलेल्या सर्वेक्षणांना सरकारी परवानगी लागते, त्यामुळे प्रश्नावली घेऊन थेट लोकांत उतरता येत नाही. सुधारित हेरगिरीविरोधी कायदा १ जुलै २०२३ पासून लागू झाला आणि मुलाखती घेणाऱ्या संशोधकांची सावधगिरी आणखी वाढली. म्हणून प्रबंधाचा विषय निवडतानाच मार्गदर्शकाशी स्पष्ट बोलून घ्यावं. आफ्रिकेतली चिनी गुंतवणूक, ब्रिक्स, हवामानवाटाघाटी, आग्नेय आशिया यांसारख्या विषयांवर तिथे बसून जे मिळतं, ते दिल्ली-मुंबईत मिळत नाही.

साधनांचंच एक उदाहरण पाहू. चिनी भाषेतली नियतकालिकं आणि प्रबंध ‘सीएनकेआय’ या प्रचंड भांडारात असतात. १ एप्रिल २०२३ पासून परदेशी संस्थांसाठी त्यातले काही विभाग, त्यांत प्रबंधांचाही, बंद झाले. चिनी विद्यापीठाच्या आवारात बसलेल्या विद्यार्थ्याला मात्र विद्यापीठाच्या वर्गणीतून ते वाचता येतात. चीनचा अभ्यास करणाऱ्यासाठी एवढा एक फायदासुद्धा मोठा आहे.

आता पदवीविषयी. चीनच्या विषयवारीत राज्यशास्त्र ‘कायदा’ या मोठ्या गटात मोडतं. त्याच गटात समाजशास्त्र आणि मार्क्सवादी सिद्धांतही येतात. त्यामुळे आंतरराष्ट्रीय संबंध शिकलेल्या विद्यार्थ्याच्या चिनी प्रमाणपत्रावर बहुधा कायद्याची पदव्युत्तर पदवी लिहिलेली असते. घरी परतल्यावर ‘तू वकिली शिकलास?’ हा प्रश्न ठरलेला. वकिलीशी तिचा काही संबंध नाही. पण नोकरीचा अर्ज भरताना विषयाचं नाव असलेली गुणपत्रिका सोबत जोडावी लागते. अलीकडे २०२२ च्या विषयसूचीत प्रदेश आणि देशांचा अभ्यास हा आंतरविद्याशाखीय विषय स्वतंत्रपणे आला. तिथे पदवी कायद्याची, साहित्याची, इतिहासाची किंवा अर्थशास्त्राचीही असू शकते. प्रवेशपत्र हातात आल्याबरोबर पदवीचं नेमकं नाव आणि कालावधी विचारून घ्यावा, कारण भारतात समकक्षता ठरवताना दोन्ही पाहिलं जातं.

परदेशी विद्यार्थ्याला राजकीय सिद्धांताचे तास बसावे लागत नाहीत, असंही पुष्कळजण सांगतात. अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय विद्यार्थ्यांपुरतं ते खरं आहे. २०१७ मध्ये शिक्षण, परराष्ट्र आणि सार्वजनिक सुरक्षा या तीन मंत्रालयांनी मिळून काढलेल्या नियमांत म्हटलं आहे, की चिनी भाषा आणि चीनची ओळख हे विषय पदवी घेणाऱ्या सर्व परदेशी विद्यार्थ्यांना सक्तीचे. आणि तत्त्वज्ञान व राज्यशास्त्र शिकणाऱ्यांना राजकीय सिद्धांतही सक्तीचा. हे तास कंटाळा म्हणून ढकलू नयेत. चिनी सरकारी कागदपत्रांतली भाषा कुठून येते आणि एखादा शब्द बदलला तर धोरणात काय बदललं असू शकतं, हे ओळखण्याची नजर तिथेच तयार होते.

भाषेचा प्रश्न सर्वांत नाजूक. इंग्रजी माध्यमाचे अभ्यासक्रम आहेत आणि चांगले आहेत. त्सिंग्हुआच्या श्वार्झमन शिष्यवृत्तीची पहिली तुकडी २०१६ मध्ये आली, तर पेकिंग विद्यापीठाच्या येनचिंग अकादमीची २०१५ मध्ये. पेकिंग विद्यापीठ आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स यांची जोडपदवी आहे. पण इंग्रजीवर भागेल असं मानून जाणारा विद्यार्थी वर्गाबाहेर मुका होतो. दुसरं टोक म्हणजे नानचिंगचं हॉपकिन्स-नानचिंग केंद्र. १९८६ पासून तिथे परदेशी विद्यार्थी चिनीत शिकतात, चिनी विद्यार्थी इंग्रजीत शिकतात आणि वसतिगृहात एका खोलीत दोघांची जोडी लावली जाते. चिनी माध्यमाच्या पदव्युत्तर वर्गांना साधारणपणे एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची पाचवी पातळी लागते. ती हाती येईपर्यंत चीनच्या सरकारी शिष्यवृत्तीत एक-दोन वर्षं निव्वळ भाषा शिकण्याची सोय आहे. पूर्ण शिष्यवृत्तीत शिक्षणशुल्क आणि निवास यांशिवाय पदव्युत्तर विद्यार्थ्याला महिना ३,००० युआन मिळतात. बीजिंगमध्ये तेवढ्यात काटकसरीने निभतं.

‘शेजारच्या बाकावरचे चिनी विद्यार्थी म्हणजे उद्याचे मुत्सद्दी’ हा समज तर चीनमध्येही आहे. त्या मुलांनी काय सोसलं आहे, ते आधी पाहावं. दरवर्षी डिसेंबरमध्ये ‘काओयान’ ही पदव्युत्तर प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा होते. २०२३ च्या प्रवेशांसाठी तिला ४७ लाखांहून अधिक उमेदवारांनी नावं नोंदवली होती. राजकारण आणि परदेशी भाषा हे प्रत्येकी १०० गुणांचे, विषयाचे दोन पेपर प्रत्येकी १५० गुणांचे, असे एकूण ५०० गुण. एमपीएससीसाठी पुण्याच्या सदाशिव पेठेत अभ्यासिकेत दिवस काढलेल्या मुलाला या सहाध्यायांची घालमेल लगेच कळेल. यांतले मोजकेच परराष्ट्र मंत्रालयात पोचतात. बाकीचे प्रांतिक सरकारी नोकऱ्या, सरकारी कंपन्या, बँका, शाळा अशा वाटांनी जातात. परदेशी विद्यार्थी कागदपत्रं आणि मुलाखतीवर येतो, ही परीक्षा देत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. वर्गातल्या पहिल्या काही आठवड्यांचा दुरावा बऱ्याचदा यातून येतो. तो अभ्यासानेच मिटतो.

मार्गदर्शकाचं नातं मात्र भारतीयाला सहज उमगण्यासारखं आहे. त्याला ‘लाओशी’, म्हणजे गुरुजी, म्हणायचं, नावाने हाक मारायची नाही. त्याच मार्गदर्शकाकडचे आधीचे विद्यार्थी ‘श्शिश्युंग’ आणि ‘श्शिच्ये’, म्हणजे थोरला गुरुबंधू आणि थोरली गुरुभगिनी. विद्यापीठाच्या माहितीपुस्तकात नसलेल्या गोष्टी तेच सांगतात: कुठल्या प्राध्यापकाला प्रबंधाचा आराखडा कधी द्यावा, नक्कल तपासणीत काय अडकतं, निनावी परीक्षकांकडून शेरे आले की काय करावं. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या पदवी कायद्यानुसार नक्कल सिद्ध झाली तर मिळालेली पदवीही परत घेतली जाऊ शकते.

कागदपत्रांचं थोडक्यात. दीर्घ अभ्यासाचा व्हिसा घेऊन गेलेल्याने देशात उतरल्यापासून ३० दिवसांत निवास परवान्यासाठी अर्ज करायचा असतो. हॉटेलबाहेर कुठेही राहिलं तर २४ तासांत पोलिसांकडे नोंद करावी लागते. गुगल आणि व्हॉट्सअ‍ॅप तिथे बंद आहेत, घरच्यांशी बोलण्याची सोय निघण्यापूर्वीच ठरवून ठेवावी.

राहता राहिली घरातली धास्ती: चीनमध्ये राजकारण शिकून आलेल्या माणसाकडे इथे संशयाने पाहतील. भारतीय परराष्ट्र सेवेचा इतिहास याच्या उलट साक्ष देतो. वसंत परांजपे १९४७ मध्ये पेकिंग विद्यापीठात शिकायला गेले, चिनीवर प्रभुत्व मिळवलं आणि पुढे भारतीय दूतावासात रुजू झाले. १९५४ मध्ये नेहरू आणि माओ भेटले, तेव्हा दुभाषाचं काम याच मराठी माणसाने केलं. विजय गोखले चिनी भाषा शिकून बीजिंगमध्ये राजदूत आणि पुढे देशाचे परराष्ट्र सचिव झाले. तिआनानमेनवर त्यांनी २०२१ मध्ये पुस्तक लिहिलं, तेही कुणाची भीड न बाळगता. चीन जवळून पाहिल्याने त्यांची भारताविषयीची निष्ठा पातळ झाली नाही, उलट त्यांचं म्हणणं दिल्लीत ऐकलं गेलं.

भारत आणि चीन यांच्यात ३,४८८ किलोमीटरची सीमा आहे, असं भारत सरकार सांगतं. या सीमेपलीकडचं राजकारण आपण बहुतेक वेळा लंडन आणि वॉशिंग्टनमधल्या लेखकांच्या इंग्रजीतून वाचतो. हे बदलायचं असेल, तर राज्यशास्त्र घेऊन बीए करणाऱ्या आपल्या मुलामुलींपैकी काहींनी तरी त्या सप्टेंबरच्या रांगेत उभं राहायला हवं. घरात कुणी तसा विचार बोलून दाखवला, तर त्याला परावृत्त करण्याआधी माध्यम, कालावधी, पदवीचं नाव आणि मार्गदर्शक या चार गोष्टींची चौकशी त्याच्यासोबत बसून करा, आणि चिनी भाषेचा वर्ग पदवीच्या पहिल्याच वर्षी लावून द्या.