सांध्यातून रक्तात उतरणारा धातू

खुब्याचा सांधा म्हणजे वाटीत फिरणारा गोळा. कृत्रिम सांध्यातली प्लास्टिकची वाटी झिजते, म्हणून गोळा आणि वाटी दोन्ही कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूची झाली. तरुण, धावपळीच्या रुग्णांना ती टिकाऊ वाटली. पण या धातूचे सुटणारे कण नॅनोमीटरच्या मापाचे, म्हणून संख्येने अफाट. पेशी ते गिळतात, आतल्या आम्लात ते गंजतात आणि कोबाल्टचे आयन रक्तात उतरतात. काही रुग्णांत सांध्याभोवतीचे स्नायू मरतात, गाठी होतात. क्वचित हृदय, थायरॉइड, श्रवणशक्तीलाही धक्का बसतो. वाटी जास्त तिरकी बसली, तर कडेवर घासून झीज खूपच वाढते.

डिप्यू कंपनीचा असाच धातूवर धातूचा एएसआर सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत घेतला गेला. तोवर तो सुमारे ९३,००० रुग्णांना बसवून झाला होता, त्यांत भारतातलेही हजारो. पुरेशा चाचण्यांविना तो बाजारात आणण्याची घाई अक्षम्यच होती.

ब्रिटनच्या वैद्यकीय नियामकाने रक्तातल्या कोबाल्ट किंवा क्रोमियमसाठी लिटरमागे ७ मायक्रोग्रॅम ही सावधगिरीची पातळी ठरवली. घरात कुणाचा खुबा २०१० च्या सुमारास किंवा त्याआधी बदलला असेल, तर शस्त्रक्रियेचे कागद काढून सांध्याचा प्रकार पाहा. धातूवर धातू असेल, तर दुखत नसले तरी अस्थिरोगतज्ज्ञांना विचारून रक्त तपासून घ्या.